राजीची राखी

दिवाळीच्या फराळाबरोबर संगणकावरच्या खेळाचे परीक्षण वाढलेले पाहून वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. माझ्याही पडल्या होत्या. गेल्या भाऊबिजेला पुण्यात शिकणारा माझा पुतण्या वसमतला आला आणि त्याने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ सुरू केला. "देवादिकांचा असा खेळ मांडायचा का रे?" मी विचारले. "काका, आधी बघा तरी," तो म्हणाला. मी पाहिला. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला तो कसा दिसला, तेवढेच येथे सांगतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेची ही निर्मिती. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ साली त्यांनी लोकांपुढे झोळी पसरली. पण ठरवलेली रक्कम काही जमली नाही. तरीही त्यांनी हातचे काम टाकले नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ लोकांसमोर आला.

कथानक साधेच आहे. राजी ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी पोरकी मुलगी. ऐन राखीच्या सणात असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते, आणि पोर महाबलासुराच्या मागावर निघते. बहिणीने राखी बांधावी आणि भावाने रक्षण करावे, ही आपली रीत. येथे रक्षणाला निघते ती बहीणच. या एका कल्पनेसाठी मी या मंडळींना शाबासकी देईन.

दुसरी शाबासकी नजरेची. पहाडी लघुचित्रांचे रंग आणि राजस्थानी गढ्या-महालांची घडण यांतून हे जग उभे राहिले आहे. कथेतले प्रवेश छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्याने पाहिल्या असतील, त्याला हे अनोळखी वाटणार नाही. विष्णू आणि दुर्गा जुन्या नाटकातल्या सूत्रधार-नटीसारखे आपसांत बोलत कथा पुढे नेतात. वाटेत भिंतीवरची चित्रे लागतात. त्यांच्यापुढे थांबले की पुराणकथा ऐकू येते. औंढ्याला नागनाथाच्या देवळाभोवती फिरताना माझे विद्यार्थी शिल्पांकडे न पाहता पळत सुटतात. तीच पोरे या भिंतींपुढे थांबतील, असे मला वाटले. आणि शिक्षक म्हणून थोडी लाजही वाटली.

आता उणे. लढाया पुढे पुढे एकसुरी होतात. खेळ काही तासांत आटोपतो आणि शेवट असा अवचित येतो, की कीर्तनकार उत्तररंगातच वीणा खाली ठेवून उठला असे वाटावे. देशोदेशीच्या समीक्षकांनीही रूपाची वाखाणणी करून नेमकी हीच बोटे ठेवली. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी 'राजी'ला नामांकन मिळाले. पारितोषिक मात्र दुसऱ्याच खेळाला गेले.

पण सर्वांत नेमकी टीका केली ती आमच्या आईने. ती बराच वेळ कान देऊन बसली होती. मग म्हणाली, "का रे, देवी इंग्रजी कधी शिकली?" आम्ही हसलो; पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पुण्यात घडलेल्या या खेळातले देव प्रथम बोलले ते इंग्रजीत. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. डोळे आपले आणि जीभ परकी, असे का व्हावे? उत्तर कडू आहे. गिऱ्हाईक जिकडे, जीभ तिकडे वळते. झोळी रिकामी राहिली तेव्हा आपण तरी कुठे होतो?

पुतण्याने हिंदी आवाज लावले. निजामाच्या राजवटीत वाढलेल्या वडीलधाऱ्यांत बसलेल्या आईला हिंदीचे काय! ती पुढे सरकून बसली.

ओवाळणीचे ताट केव्हाच तयार होते. माझी लेक मात्र उठेना. ती तीनदा हरली होती आणि चौथ्यांदा त्रिशूळ सरसावून उभी होती. पाटावर बसलेला तिचा धाकटा भाऊ कुरकुरला, "ताई, ओवाळ ना!"

"थांब रे," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "आधी तुला सोडवते."