लोकनामें आणि त्यांचें मूळ

स्पॅनिश भाषा शिकणारास आरंभींच लोकवाचक शब्दांची एक लांबलचक यादी मुखोद्गत करावी लागते. माद्रिदचा तो माद्रिलेन्यो, सेव्हिलचा सेव्हियानो, ब्वेनोस आयरेसचा पोर्तेन्यो, म्हणजे बंदरकर. आपल्या पुणेकर, वऱ्हाडी, कोल्हापुरी या शब्दांचीं हीं भावंडेंच होत. मात्र त्याच यादींत दोन शब्द असे येतात कीं, तेथें अभ्यासकानें थांबावें. सीरिया-लेबाननमधून दक्षिण अमेरिकेंत गेलेल्या लोकांस 'तुर्को' म्हणतात. कारण ते तुर्की साम्राज्याचे प्रजाजन म्हणून तेथें उतरले. आणि १४९२ सालीं आपण हिंदुस्थानच्या बाजूस पोंचलों, अशा समजुतीनें कोलंबसानें तेथील रहिवाशांस 'इंदिओ' म्हटलें. चूक उमगली, पण नांव राहिलें. तेव्हां लोकनामाचें मूळ शोधतांना, तें कोठून आलें याबरोबरच तें कोणीं ठेवलें, हेंही विचारणें प्राप्त आहे.

हीच कसोटी आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखास लावून पाहावी. वारली हें नांव 'वरल', म्हणजे लागवडीचा लहानसा तुकडा, यावरून आलें असें एक मत. सप्तकोंकणांतील वरालाट या प्रांतनामावरून आलें असें दुसरें. खैराचा कात काढणारे ते कातकरी. कोंकणांतून आलेले म्हणून कोकणा. त्यांची वस्ती तर पेठ-सुरगाण्याच्या घाटमाथ्यापर्यंत व डांगच्या जंगलापर्यंत पसरलेली. ठाणें जिल्ह्याचें १८८२ चें गॅझेटियर आणि एन्थोवेनचे जातिविषयक ग्रंथ यांनीं अशी माहिती परिश्रमानें जमविली, हें त्यांचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु व्युत्पत्ति हातीं लागली कीं तेथेंच समाधान मानण्याची जी संवय त्यांनीं लाविली, ती आपल्या लेखकांत अद्याप टिकून आहे. वनकायद्यांनीं काताचा धंदा हातचा गेला. कातकरी हें नांव मात्र उरलें. आज तें धंदा सांगत नाहीं, धंद्याचा लोप सांगतें.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. अनुसूचित जमातींच्या यादींत कोकणा, कोकणी, कुकणा हीं रूपें एकाच ओळींत आहेत. इकडे व्यवहारांत कोकणी म्हणजे गोव्याची भाषा, आणि कोंकणचा कोणताही रहिवासीही कोकणीच. यादी जशी आहे तशीच वाचावी, न्यायालयांनीं चौकशी करून तींत भर घालूं नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं मिलिंद खटल्यांत दिला. म्हणजे पूर्वीं कोणी परक्यानें सहज उच्चारलेल्या नांवावर आज एखाद्या मुलाची शिष्यवृत्ति अवलंबून राहते. अशा वेळीं कोशकारानें 'एक रानटी जात' एवढाच अर्थ देऊन मोकळें होणें हा अपराधच होय.

या दृष्टीनें गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथाचें शीर्षक मोलाचें वाटतें. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं सावकाराकडे बांधला गेलेला वारली 'लग्नगडी' म्हणविला जाई; तेंही एक नांवच, आणि त्याचें मूळ सावकाराच्या वहींत. त्या लोकांच्या लढ्याची हकीकत लिहितांना लेखिकेनें शीर्षकांत जातीचें नांव घातलें नाहीं. 'माणूस' हा शब्द घातला. व्युत्पत्तीच्या अभ्यासानें जातीचें नांव पुसूं नये. पण ज्या माणसाचें तें नांव, त्यास तें कसें वाटतें, हें विचारल्यावांचून आपला अर्थ पुरा झाला असें समजूं नये.