नवजात शिशूची रक्तशर्करा आणि नवे उपचार : एक चिकित्सा

प्रस्तावना

गर्भाला वारेतून अखंड साखर मिळत असते. नाळ कापताच हा पुरवठा थांबतो आणि पहिल्या एक-दोन तासांत बाळाच्या रक्तातील साखर खाली येते. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ यकृतातील साठ्याच्या बळावर सावरते. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची किंवा मधुमेही मातांची बाळे मात्र सावरतीलच असे नाही. साखर फार खाली जाऊन दीर्घकाळ तशीच राहिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पुष्कळदा बाहेरून कोणतेच लक्षण दिसत नाही, हे या विकाराचे भय होय.

पुणे परिसराला हा विषय परका नाही. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत केलेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो आढळले. २०१७ मध्ये महानगरपालिकेत आलेल्या धायरीसारख्या उपनगरात कष्टकरी स्थलांतरित कुटुंबे आणि नोकरदार मध्यमवर्ग शेजारी राहतात. एकीकडे कुपोषित मातेचे बाळ, तर दुसरीकडे मधुमेही मातेचे बाळ, असा दुहेरी धोका अशा वस्तीत संभवतो. प्रस्तुत लेखात नव्या उपचारांचा विचार वैद्यकीय परिणामांसोबत सामाजिक अंगानेही केला आहे.

उपचारांतील बदल

स्तनपान वा पूरक आहाराने साखर सावरली नाही, तर बाळाला आईपासून दूर अतिदक्षता कक्षात नेऊन शिरेतून ग्लुकोज देणे, ही रूढ पद्धत होती. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे डेबोरा हॅरिस, जेन हार्डिंग व सहकाऱ्यांनी एक साधा पर्याय तपासला. प्रत्येक किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम ग्लुकोज मिळेल इतकी ४० टक्के डेक्स्ट्रोजची जेल गालाच्या आतील बाजूस चोळायची आणि लगेच बाळाला पाजायला घ्यायचे. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जेल दिलेल्या गटात उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण १४ टक्के, तर औषधविरहित जेलच्या गटात २४ टक्के होते. दोन आठवड्यांनी डब्याचे दूध घेणारी बाळे अनुक्रमे ४ व १३ टक्के होती. हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. कारण त्यातून आई व बाळ एकत्र राहिल्याचा लाभ सूचित होतो.

मर्यादा

तथापि या यशाचा अतिव्याप्त अर्थ लावणे योग्य नव्हे. धोक्यातील बाळांना साखर उतरण्यापूर्वीच जेल देण्याचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न्यूनतेचे प्रमाण थोडे घटले. परंतु अतिदक्षता कक्षातील दाखले कमी झाले नाहीत. उपचार कोणत्या पातळीला सुरू करावा, हाही प्रश्न खुला आहे. नेदरलँड्समधील २०२० च्या अभ्यासात, अन्यथा निरोगी असलेल्या जोखमीच्या बाळांच्या बाबतीत, प्रति डेसिलिटर ४७ ऐवजी ३६ मिलिग्रॅमला उपचार सुरू केले, तरी १८ महिन्यांच्या वयात विकास कमी प्रतीचा आढळला नाही. तात्पर्य, अधिक उपचार म्हणजे अधिक हित, हे समीकरण येथे टिकत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

आपल्याकडे नवजाताला मध चाटविण्याची, गुळाचे वा साखरेचे पाणी आणि घुटी देण्याची रूढी आहे. तिच्यामुळे पहिले पिवळे, घट्ट दूध लांबणीवर पडते. मधामुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधेचाही धोका असतो. ‘पहिले अन्न आईचेच दूध’ हे आरोग्यसेविका वर्षानुवर्षे पटवून देत आल्या आहेत. त्याच घरातील आजीने रुग्णालयात परिचारिकेला बाळाच्या तोंडात गोड जेल घालताना पाहिले, तर ‘आम्ही वेगळे काय करत होतो?’ असे ती विचारील. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याचे उत्तर असे की, जेल रक्त तपासून, मोजून, गरज असलेल्या बाळालाच दिली जाते आणि तिच्या पाठोपाठ दूध असते. मध वा साखरपाणी मात्र दुधाची जागा घेते. हे उत्तर दिले गेले नाही, तर नवा उपचार जुन्या रूढीला प्रतिष्ठा मिळवून देईल.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा देऊन नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटविल्याचे १९९९ मध्ये मांडले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत ही कल्पना देशभर स्वीकारली गेली. परंतु रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाची पहिली नियोजित भेट तिसऱ्या दिवशी होते, तर साखरेचा मुख्य धोका पहिल्या ४८ तासांतला. म्हणून ही जबाबदारी प्रसूतिकक्षाचीच ठरते. आईचे दूध अपुरे असल्यास काय करावे, याचा मार्ग मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या, आशियातील पहिल्या मातृदुग्धपेढीने दाखविला आहे.

निष्कर्ष

डेक्स्ट्रोज जेल स्वागतार्ह आहे. परंतु तिचे खरे मूल्य बाळाला आईच्या कुशीतून न हलविता उपचार करता येण्यात आहे. जन्मताच त्वचेला त्वचा लावून ऊब, तासाभरात स्तनपान, जोखमीच्या बाळांची वेळेवर तपासणी आणि घरच्यांशी त्यांच्या भाषेत संवाद, हा क्रम जेथे नाही, तेथे जेलची नळी केवळ नवे साखरपाणी ठरेल.