समुपदेशक नेमका कोणाचा?

‘संसार वाचवला’ ही आपल्याकडे समुपदेशकाला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी. आज आम्हाला या शाबासकीवरच शंका घ्यायची आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कल्पितच आहे, पण नाशिककरांना अनोळखी वाटणार नाही. निफाडला द्राक्षबाग, मुलगा सातपूरच्या कारखान्यात, सून माहेरी निघून गेलेली. समुपदेशकाची वेळ सासऱ्यांनी घेतली, फीही तेच देणार. सगळ्यांसमोर सून गप्प. एकटी भेटली तेव्हा मात्र पाऊण तास बोलली. निघताना सासूबाई दारात हळूच विचारतात, “ताई, काय म्हणाली हो ती?”

आता सांगा, इथे सल्लार्थी कोण? फी देणारा? वेळ घेणारा? की सगळं घर?

पुस्तकात याला उत्तर आहे. इव्हान बोसोरमेनी-नाग म्हणतात, समुपदेशकाने आळीपाळीने प्रत्येकाची बाजू घ्यावी, गैरहजर माणसाचीसुद्धा. इटलीतल्या मिलान गटाने 1980 साली तटस्थतेचं तत्त्व मांडलं. ऐकायला छान आहे. पण त्याच्या दोन वर्षं आधीच रेचल हेअर-मस्टिन यांनी दाखवून दिलं होतं की कुटुंबोपचार बाईला पुन्हा जुन्याच चौकटीत बसवतात. जिथे मुळातच ताकद असमान आहे, तिथे मधोमध उभं राहणं म्हणजे बलवानाच्या बाजूला उभं राहणंच की!

गंमत बघा, आपला कायदा इथे समुपदेशकांच्या पुढे आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा, त्याचे नियम 2006 चे. समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायची मुभा प्रतिवादीला नाही, असं ते नियम सांगतात. म्हणजे “तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उठला” हे ऐकून “बरं, मग तुम्ही थोडं सबुरीने घ्या हं” असं तिला सांगणं हे निव्वळ अडाणीपण नाही, ते व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. तरी हे वाक्य आपल्याकडे किती सहज निघतं!

दुसरी गोष्ट गुप्ततेची. महाराष्ट्राच्या कुटुंब न्यायालय नियमांत, 1987 पासून, न्यायालयातल्या समुपदेशकापुढे झालेलं बोलणं गोपनीय आहे. खाजगी दवाखान्यातल्या खोलीला ते नियम लागू नाहीत. त्यात जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नवरा-बायकोचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं. मग समुपदेशकाच्या टेबलावर उलटा ठेवलेला तो मोबाइल नक्की काय करतोय, हे कुणी विचारायचं? आमच्या मते, पहिल्याच भेटीत, साध्या मराठीत, सगळ्यांसमोर. फोन बंद. एकट्यात सांगितलेलं कुठवर जाईल आणि कुठे थांबेल. जिवाला धोका दिसला तर आम्ही गप्प बसणार नाही. फी कुणीही दिली तरी हिशेब सगळ्यांचा. हे छापील फॉर्मवर बारीक अक्षरात लिहून सही घेतली म्हणजे झालं, असं होत नाही. निम्मी माणसं तो वाचतच नाहीत, आम्हीही बँकेत वाचत नाही.

आणि दारातल्या सासूबाईंना एवढंच सांगायचं: “काकू, ते तिलाच विचारा. तिला वाटलं तर ती सांगेल.” फी घेऊन आलेले सासरे यावर नाराज होतील. कदाचित पुढच्या वेळी येणारही नाहीत.