दुष्काळ, हक्क आणि अन्नसाहाय्य : अमर्त्य सेन यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

अमर्त्य सेन यांचा ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ हा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळनिधीसाठी मंडळीपुढे उभे राहणाऱ्या प्रत्येक धर्मसेवकाने तो वाचावा, असे आमचे मत आहे. मात्र तो कोठे अपुरा पडतो, हेही ध्यानात घेऊन वाचावा.

सेन यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : माणसे उपाशी मरतात ती पुष्कळदा देशात अन्न नसते म्हणून नव्हे, तर असलेले अन्न मिळविण्याचा हक्क त्यांच्या हाती उरत नाही म्हणून. १९४३ साली बंगालमध्ये धान्याची उपलब्धता १९४१ पेक्षा कमी नव्हती, असे ते दाखवितात. तरीही लक्षावधी लोक मेले. कारण तांदळाचे भाव चढले आणि मजुरी मागे राहिली. पश्चिम आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात १९७० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळाचाही त्यांनी असाच विचार केला आहे. तेथील पशुपालकांची गुरे मेली. जी उरली, त्यांच्या बदल्यात मिळणारे धान्यही घटले.

नायजर हा त्याच साहेलमधील देश. या ग्रंथाची कसोटी तेथे २००५ साली पुन्हा लागली. आदल्या वर्षी पाऊस लवकर थांबला होता आणि टोळधाड आली होती. तथापि पीक सर्वस्वी बुडाले नव्हते. दक्षिणेकडील माराडी हा तर त्या देशातील त्यातल्या त्यात सुपीक प्रदेश. तेथील बाजारांत बाजरी होती. गरिबाला ती घेण्याची ऐपत नव्हती. शासनाने प्रथम सवलतीच्या दराने धान्य विकले. फुकट वाटल्यास बाजार विस्कटेल, अशी शासनास आणि देणगीदारांसही धास्ती होती. मोफत वाटप मोठ्या प्रमाणावर होण्यास ऑगस्ट उजाडला. परंतु सवलतीचा दर हाही दरच होय. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला अर्धा भाव पुऱ्या भावाइतकाच दूर असतो. तोवर कित्येक कुटुंबांनी जनावरे विकली होती व येणाऱ्या पिकावर कर्ज काढले होते.

येथे आम्हांस उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायाचे स्मरण होते. योसेफाच्या कोठारांचा गौरव आपण उपदेशांतून करतो. हा अध्याय मात्र घाईने वाचतो. तेथे धान्य विकत दिले जाते. प्रथम पैसा संपतो, मग गुरे जातात, मग जमीन, आणि अखेर लोक फारोचे दास होतात. प्राण वाचले, हे खरे, आणि लोक त्याबद्दल कृतज्ञही आहेत. पण पुढच्या दुष्काळास तोंड देण्यास त्यांच्यापाशी काय उरले? सेन यांनी शिकविलेला प्रश्न तो हाच.

आता उणेपणाविषयी. सेन यांचे विवेचन मुख्यत्वे व्यवसायगटांचे आहे : मजूर, कोळी, पशुपालक. माराडीत मरणाच्या दारी होती ती विशेषेकरून पाच वर्षांखालील मुले. ‘मेदसँ साँ फ्रंतिएर’ या वैद्यकीय संस्थेने त्या एका वर्षात नायजरमध्ये तीव्र कुपोषित अशा ६०,००० हून अधिक मुलांवर उपचार केले. दोन वर्षांच्या मुलाचे पोट बाजरीच्या पेजेने भरते, पण तेवढ्याने ते अंग धरीत नाही. त्याला दूध व स्निग्धांश लागतो. म्हणजे घराला धान्याचा हक्क मिळूनही त्याच घरातील मूल खंगू शकते. शेंगदाणे, दुधाची भुकटी, तेल, साखर व जीवनसत्त्वे यांच्या तयार मिश्रणामुळे पुष्कळशा मुलांवर आईला घरीच उपचार करता आले, ही तेथील साहाय्यकार्याची मोठी जमेची बाजू होय. दुष्काळातील रोगराईचे मृत्यू आपल्या मांडणीत नीट बसत नाहीत, हे सेन यांनी स्वतः मान्य केले आहे. परंतु घराच्या उंबरठ्याआत त्यांची मांडणी पुरेशी शिरत नाही, हा आमचा आक्षेप कायम राहतो.

ग्रंथाचे मोल याने कमी होत नाही. आपण किती पोती धाडली, एवढाच हिशेब वाचून दाखविण्याची आपल्याला सवय जडली आहे. ती पोती कोणाला, कोणत्या महिन्यात आणि काय किमतीने मिळाली, हे विचारण्यास सेन आपल्याला शिकवितात. घरातील सर्वांत धाकट्या मुलाच्या मुखी त्यांतले काय पडले, हा प्रश्न आपण स्वतः त्यात घातला पाहिजे.