इनन्नेचा अधोलोकप्रवास

सुमेरी भाषा बोलणारा समाज नाहींसा होऊन सहस्रकें लोटलीं. परंतु त्या भाषेंतील एका काव्याला आपल्या काळांत विलक्षण भाग्य लाभलें आहे. इनन्ना ही स्वर्गाची राणी आपण होऊन अधोलोकांत उतरते, तेथें मरते व पुन्हा वर येते, अशी त्या काव्याची कथा. १९८१ सालीं सिल्व्हिया ब्रिंटन परेरा या युंगपंथी लेखिकेनें या कथेवर पुस्तक लिहिलें. १९८३ मध्यें डायन वोल्कस्टीन व सॅम्युएल नोआ क्रेमर यांनीं इनन्नेच्या कथागीतांचा सुबोध इंग्रजी अवतार प्रसिद्ध केला. तेव्हांपासून कथेचा एकच अर्थ रूढ होत चालला आहे. इनन्ना म्हणजे आपला जागृत अहंकार. सात दारांशीं उतरविलेलीं वस्त्राभरणें म्हणजे त्याचीं आवरणें. काळोख म्हणजे आपल्याच मनाचा तळ. आणि परत येणें म्हणजे आत्मज्ञान. दुःखानें खचलेल्या माणसाला धीर देण्यासाठीं कथा या अर्थानें सांगितली जाते. हा अर्थ टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो काव्यांत आहे कीं नाहीं, हें पाहणें टीकाकाराचें काम आहे. आणि आमच्या मतें काव्य याहून पुष्कळच कठोर आहे.

प्रथम आरंभच घ्यावा. इनन्नेचें लक्ष अधोलोकाकडे वळलें हें सांगतांना कवीनें जो शब्द योजला आहे, त्याचा मूळ अर्थ ‘कान’; बुद्धि व अवधान यांनाहि सुमेरींत तोच शब्द. यावरून ती अंतर्मनाचा आवाज ऐकावयास निघाली, असा तर्क लढविला जातो. परंतु आपण मराठींत एखाद्याच्या बोलण्याला कान देतों, तेव्हां त्यांत अध्यात्म नसतें! ती कशासाठीं निघाली, हें तिच्या वागण्यावरूनच ठरवावें. थोरली बहीण एरेश्किगाल, अधोलोकाची राणी, हिच्या पतीच्या अंत्यविधीसाठीं आपण आलों, असें ती द्वारपाल नेतीला सांगते. आंत गेल्यावर मात्र बहिणीला सिंहासनावरून उठवून स्वतः त्यावर बसते. मागाहून एन्लिल व नन्ना हे देव तिच्या सुटकेस नकार देतात, तोहि याच कारणानें: वरचें राज्य असतां हिला खालचेंहि हवें झालें, आणि तेथले अधिकार ज्याला हवे त्यानें तेथेंच राहिलें पाहिजे. शिवाय आपण न परतल्यास कोणकोणत्या देवाच्या दारीं जाऊन रडावें, याची बारीक सूचना तिनें निघण्यापूर्वींच आपली सेविका निन्शुबूर हिला देऊन ठेवली आहे. आत्मसमर्पणास निघालेला जीव परतीची अशी तजवीज करीत नाहीं. स्वारीवर निघालेला राजा करतो.

सात दारांशीं उतरविलेल्या वस्तूहि पाहाव्या. मुकुट, नीलमण्यांची माळ, सुवर्णकंकण, जमीन मोजण्याची काठी व दोरी, शेवटीं राजवस्त्र. मोजणीची दोरी हें मनाचें कोणतें आवरण? तीं सारीं सत्तेचीं चिन्हें आहेत. हें काय चाललें आहे असें ती दर वेळीं विचारते आणि येथल्या विधींना प्रश्न करूं नये असेंच उत्तर तिला दर वेळीं मिळतें. मग सात न्यायाधीश निवाडा देतात व इनन्नेचें प्रेत खुंटीला टांगलें जातें. हा मृत्यु कवीनें अवघ्या कांहीं ओळींत उरकला आहे. काळोखांत तिला कांहीं उमगलें, असें तो कोठेंहि म्हणत नाहीं. तेथें ती विचार करीत नाहीं, बोलत नाहीं. ती प्रेत आहे.

कवीची दृष्टि ठरते ती एरेश्किगालवर, आणि काव्याचें मर्म आम्हांस येथें दिसतें. तीन दिवस व तीन रात्री उलटल्यावर एन्की हा ज्ञानी देव नखांखालच्या मळांतून कुर्गर्रा व गालातुरा असे दोन जीव घडवितो. मृत्यूच्या दारांतून माशीसारखे शिरतील इतके ते क्षुद्र. ‘गाला’ म्हणजे सुमेरी देवळांत विलापगीतें गाणारा पुरोहित. तेव्हां गालातुरा हा धाकटा विलापकच म्हणावयाचा. आंत एरेश्किगाल अंगावर वस्त्र नाहीं, केस विस्कटलेले, अशी पडून कण्हत आहे; ती आई आहे आणि आपल्या लेंकरांसाठीं ती झुरते आहे. ती पोटाला, काळजाला हात लावून विव्हळते आणि हे दोघे तिच्यामागून तेंच दुःख बोलून दाखवितात. एवढेंच! त्या समदुःखानें ती इतकी निवते कीं भरली नदी, पिकलें शेत देऊं करते. ते तें नाकारून खुंटीवरचें प्रेत मागतात. ही युक्ति एन्कीनें पढविलेली आहे, हें खरें. तरी ज्या राणीची सारे भीतिच बाळगतात, तिला कधीं कोणी ‘तुला दुखतें का?’ असें विचारलें नव्हतें, हें त्यांतून उघड होतें. पुढच्या अक्कदी इश्तरकाव्यांत हा प्रसंग नाहीं. तेथें इश्तर खालीं गेल्यावर पृथ्वीवरील प्रजनन थांबतें; हा ऋतुचक्राचा धागा मूळ सुमेरी काव्यांत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

इनन्ना जिवंत झाली. पण मोकळी नव्हे. बदली माणूस दिल्यावांचून कोणीं वर जावयाचें नाहीं, हा तेथला कायदा. तिच्याबरोबर गल्ला नांवाचे पिशाच निघतात. ते खात नाहींत, पीत नाहींत, लांच घेत नाहींत. धुळींत लोळून आक्रोश करणाऱ्या निन्शुबूरला ती वांचविते. पति दुमुझी मात्र उंची वस्त्रें लेऊन सिंहासनावर बसलेला दिसतो. ती त्याच्याकडे मृत्यूच्या नजरेनें पाहते व त्याला देऊन टाकते.

येथें विद्वानांची फजिती मोठी बोधप्रद आहे. फ्रेझरच्या ‘गोल्डन बाऊ’पासून (१८९०) असें धरून चालले होते कीं देवी खालीं जाते ती मृत प्रियकराला परत आणावयास. निप्पुर येथील फुटक्या विटा जुळवून क्रेमर यांनीं १९५१ मध्यें सुधारलेली संहिता प्रसिद्ध केली, तेव्हां नेमकें उलट निघालें: तिनेंच त्याला धाडलें होतें! १९६६ सालीं त्यांनींच आणखी एक दुरुस्ती केली. वर्षाचा अर्धा भाग दुमुझीनें खालीं काढावयाचा व अर्धा त्याची बहीण गेश्तिनन्ना हिनें, असा काव्याचा शेवट ठरला. महाभारताच्या आदिपर्वांतील रुरु आपलें अर्धें आयुष्य देऊन प्रमद्वरेला उठवितो, त्याची येथें आठवण होते. पण रुरूनें दिलेलें दान होतें. येथें तो निवाडा आहे आणि ज्यानें कांहीं केलें नाहीं तोहि त्यांत भरडला जातो.

काळोखांतून बाहेर पडणाराचा मोबदला दुसरा कोणी तरी देत असतो, ही गोष्ट मनोविश्लेषक वाचनांत हमखास गळते. कारण दुमुझी व गेश्तिनन्ना हींहि एकाच मनाचे अंश ठरविलीं कीं हिशेब चुकता होतो. कवीनें तो तसा चुकता केलेला नाहीं. काव्याच्या अखेरीस स्तुति येते, आणि ती परतलेल्या इनन्नेची नसून एरेश्किगालची आहे. हें काव्य मराठींत आणूं इच्छिणाऱ्यानें ती ओळ गाळूं नये.