आप्पांचे ७० गुण: बार्थेल इंडेक्स घरात नेऊन वाचताना



संशोधनाचा आराखडा घेऊन गाईडकडे गेलात की एक प्रश्न हमखास येतो, "टूल कोणतं वापरणार?" विषय पुनर्वसन परिचर्येचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन नर्सिंगचा असेल, तर बरेच जण पटकन सांगतात, "बार्थेल इंडेक्स." मीही तेच सांगितलं होतं. आज त्याच टूलवर टीका करायची आहे. टीका म्हणजे नुसती नावं ठेवणं नाही. टूल काय मोजतं, काय सोडतं आणि त्यात आपली चूक कुठे होते, हे बघायचं.

आधी टूल समजून घेऊ. फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी ते १९६५ साली प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या दवाखान्यांत ते आधीपासून वापरात होतं. त्यात जेवण, आंघोळ, कपडे, शौचालय, चालणं, जिने अशा १० बाबी आहेत आणि एकूण गुण १००. भरायला काही मिनिटं पुरतात, कोणतंही यंत्र लागत नाही आणि नर्स एकटी भरू शकते. ही त्याची खरी ताकद आहे आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

आता म्हसावदला येऊ. शहाद्याहून धडगावकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याला लागतं ते म्हसावद, माझं आजोळ. तिथे नात्यातल्या एका आजोबांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, लकवा झाला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर दीड महिन्याने मी हाच इंडेक्स भरला. जेवण, आंघोळ, कपडे, शौचालय या चारांत प्रत्येकी ५ गुण गेले आणि जिन्यांचे १० गेले. एकूण ७०.

या ७० मध्ये तीन गोष्टी लपल्या आहेत.

पहिली, जिने. आप्पांच्या घराला जिनाच नाही. ओट्याची पायरी आणि उंबरा ते काठी घेऊन नीट ओलांडतात. पण फॉर्मवर "लागू नाही" असा पर्याय नाही, म्हणून मी शून्य लिहिलं. दुसऱ्या कुणी त्यांना शाळेच्या पायऱ्यांवर नेऊन बघितलं असतं तर कदाचित ५ दिले असते. माणूस एकच, टूल एकच, गुण वेगळे. विश्वसनीयता कुठे ढासळते हे असं उदाहरण हातात आलं की कळतं.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. या टूलच्या १९८८ साली आलेल्या सूचना सांगतात की रुग्ण काय करू शकेल हे नाही, तो प्रत्यक्षात काय करतो ते नोंदवायचं. आप्पांची भाकरी आजी मोडून देते, अंगावर पाणी मामा घालतात. म्हणून गुण गेले. मग हे गुण आप्पांच्या हाताचे की घरच्यांच्या सवयीचे?

पाठ्यपुस्तकात तत्त्व एका ओळीत असतं: रुग्णाला जे जमतं ते त्यालाच करू द्या. परीक्षेत ते लिहिणं सोपं आहे. पण आजीसाठी भाकरी मोडून देणं ही सेवा आहे. "हात लावू नका" म्हटलं तर तिला वाटणार, ही पोरगी नवऱ्याला उपाशी ठेवायला सांगते. मी तसं सांगितलं नाही. ताटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे ताट सरकणार नाही, भाकरीचे दोनच मोठे तुकडे करा, पुढचं त्यांना डाव्या हाताने करू द्या, वेळ लागला तरी थांबा, एवढंच सांगितलं. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, बादली डाव्या बाजूला स्टुलावर, तांब्या त्यांच्या हातात, आणि मामा शेजारी उभे. पुनर्वसन परिचर्या रोजच्या व्यवहारात अशी दिसते. त्यात रुग्णासाठी करण्यापेक्षा त्याच्यासोबत करणं जास्त असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. खाटेवरून खुर्चीत जाण्याचे आप्पांना पूर्ण १५ गुण मिळाले. पण जमिनीवर बसले तर त्यांना उठता येत नाही. फॉर्म भरून झाल्यावर मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय जमायला हवं?" ते म्हणाले, "सगळ्यांबरोबर खाली बसून जेवायचंय." बार्थेलमध्ये या वाक्याला जागाच नाही. तीन महिन्यांनी पुन्हा इंडेक्स भरला. जेवण आणि आंघोळीचे ५-५ वाढून ८० झाले. कागदावर प्रगती, आणि आप्पा अजून खाटेवर एकटेच जेवत होते.

मात्र दोष सगळा टूलचा नाही. १०० गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही, हे मूळ लेखिकांनीच सांगितलं आहे. देखभालीची गरज किती, एवढंच त्यांना बघायचं होतं. ते टूल खाली बसून जेवणाऱ्या घरात नेलं आपण, आणि आशय-वैधता तपासली नाही तीही आपणच.

आता माझ्याकडेही संशयाने बघा. १० गुण वाढले ते माझ्या सल्ल्यामुळे, असं म्हणता येईल का? नाही. लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत शरीर आपणहूनही सुधारतं. रुग्ण एकच, सल्ला देणारी मी आणि गुण देणारीही मीच. भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेली अटेंड नावाची चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. १२५० रुग्ण होते. एका गटात घरच्यांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्केच. घरच्यांना शिकवणं वाया जातं असा याचा अर्थ काढू नका. पण "घरच्यांना शिकवलं की झालं" हे गृहीत धरून प्रबंध लिहायला बसू नका.

मग टूल निवडताना काय कराल?

१. आधी चार-पाच घरं बघा. लोक कुठे बसतात, कुठे जेवतात, शौचाला कुठे जातात ते लिहा.
२. फक्त एकूण गुण देऊ नका, दहाही बाबी वेगळ्या दाखवा.
३. "लागू नाही" आलं तर काय करायचं, हा नियम माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवा.
४. "करतो" आणि "करू शकतो" असे दोन रकाने ठेवा. दोन्हींतला फरक हाच कदाचित तुमचा संशोधन प्रश्न असेल.
५. जमिनीवरून उठण्यासारखी बाब वेगळी नोंदवा, १०० मध्ये मिसळू नका. टूल बदललं की वैधता पुन्हा तपासावी लागते.
६. रुग्णाचं एक उद्दिष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

आप्पांचा आता खाटेला धरून, एक गुडघा टेकून उठायचा सराव चालू आहे. मामा मागे उभे असतात. ते जमलं तरी बार्थेलवर एकही गुण वाढणार नाही. माझ्या वहीत मात्र त्यासाठी वेगळी ओळ आखली आहे.

तुमच्या टूलमधली कोणती बाब तुमच्या गावात लागू होत नाही? आराखडा गाईडकडे देण्याआधी एकदा शोधून बघा.