वाचता येण्याआधीचे वाचन : यमक, चित्र आणि पुस्तकाचे गुणगान

लहान मुलांसाठी पद्यात लिहिलेले, पानोपानी चित्रे असलेले आणि वाचनाचा आनंद हाच ज्याचा विषय आहे असे पुस्तक ही वरवर पाहता अगदी निरुपद्रवी वस्तू वाटते. समीक्षेने तिच्याकडे वळून पाहावे असे तिच्यात काही असेल, हे आपल्याकडे सहसा मानले जात नाही. बालवाङ्मयाचा विचार झालाच तर तो संस्कार, मनोरंजन आणि वयोगट या तीन खुंट्यांना टांगून ठेवला जातो. परंतु या वस्तूच्या घडणीतच एक विसंगती आहे, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. हे पुस्तक वाचनाचे गुणगान करते ते ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्यापुढे. ज्याला वाचता येते, त्या मांडीवर घेऊन बसलेल्या प्रौढाला, या गुणगानाची गरज नसते. वोल्फगांग इझर यांची 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना येथे लावू गेल्यास ती तत्काळ दुभंगते. संहितेत दोन वाचक अभिप्रेत आहेत. एकाचे डोळे अक्षरांवर आहेत, दुसऱ्याचे चित्रावर, आणि दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे आवाज. जॅकलिन रोझ यांनी 'द केस ऑफ पीटर पॅन' (१९८४) या ग्रंथात बालसाहित्य ही प्रौढाने मुलाविषयी बाळगलेल्या इच्छेची निर्मिती असते, असा जो कडवट सिद्धान्त मांडला, त्याला या प्रकाराइतके सोपे उदाहरण क्वचित सापडेल. मुलाने वाचावे ही इच्छा मुलाची नसते.

तरीही हा प्रकार केवळ इच्छेवर तग धरत नाही. तो तग धरतो तो यमकावर. प्रौढ कवितेत यमक हा अलंकार मानला जातो. गद्यकाव्याच्या आगमनानंतर तर तो जुन्या दागिन्यासारखा पेटीत गेला. बालपुस्तकात मात्र यमक हे ज्ञानाचे साधन आहे. पहिल्या चरणाचा शेवट कानावर पडला की दुसऱ्या चरणाच्या शेवटाविषयी मुलाच्या मनात अपेक्षा तयार होते, आणि दोन-तीन आवर्तनांनंतर मूल तो शब्द प्रौढाच्या आधी उच्चारते. बोट अक्षरांवर, शब्द ओठांवर आणि नजर चित्रावर, अशा या क्षणी मुलाला आपण वाचत आहोत असे वाटते. ते खोटे असते असे आपण म्हणतो. पण प्रौढ वाचकही ओळीचा शेवट काही अंशी अंदाजाने गाठत असतो, हे लक्षात घेतले तर हे 'खोटे वाचन' वाचनाच्या अगदी गाभ्याजवळचे आहे.

चित्रपुस्तकात या अपेक्षेला आणखी एक सांधा मिळतो. तो म्हणजे पान उलटणे. हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी दोन ओळी येथेच बनवून ठेवतो. त्यांच्यावर काव्य म्हणून माझा काही दावा नाही :

पान उलटले, दिसले शेपूट,
पुढच्या पानी लाल लाल बूट.

पहिली ओळ डाव्या पानावर आणि दुसरी ओळ पान उलटल्यावर, अशी मांडणी केली तर दोन ओळींमधील विराम हा छंदाचा विराम उरत नाही, तो हाताचा होतो. शेपूट कोणाचे, हे पद्य सांगत नाही. बूट कोणी घातले, हेही सांगत नाही. ते चित्राने सांगायचे. पेरी नोडेलमन यांनी 'वर्ड्‌स अबाउट पिक्चर्स' (१९८८) मध्ये शब्द आणि चित्र यांचे नाते एकमेकांना मर्यादा घालणारे आणि म्हणून उपरोधिक असते असे दाखवून दिले, त्याचे हे प्राथमिक रूप आहे. शब्दाने सर्व सांगितले तर चित्र शोभेचे होते, चित्राने सर्व दाखवले तर शब्द मथळा होतो.

मराठीत या रचनेला एक विशेष अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. आपले वाक्य क्रियापदाने संपते. त्यामुळे 'आले', 'गेले', 'झाले', 'पाहिले' ही यमके कोणत्याही पद्यकाराच्या हाताशी फुकट असतात. फुकटच्या यमकाने अपेक्षा पूर्ण होते, पण ती पूर्ण होताना काहीही घडत नाही, कारण प्रत्ययाचा प्रत्ययाशी मेळ बसणे हे व्याकरणाचे काम आहे, कल्पनेचे नव्हे. पुस्तकांविषयीच्या सदिच्छापर पद्यांत हा दोष सर्वाधिक आढळतो. पुस्तक उघडले, मन ते रमले, ज्ञान ते मिळाले, अशा चालीची रचना ऐकताच मूल ओळीचा शेवट आधीच ओळखते आणि नेमक्या त्याच कारणाने कंटाळते. चरणाच्या शेवटी नाम आणण्यासाठी वाक्य वाकवावे लागते. त्या वाकण्यातच बालकवितेचा खेळकरपणा असतो. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' (१९६१) किंवा 'एटू लोकांचा देश' (१९६३) वाचताना जाणवते ती ही ताकद. यमकाने ओढून आणलेला शब्द तेथे एखादा प्राणी किंवा अख्खा प्रदेश निर्माण करतो.

आणखी एक बारकावा आहे. मराठी शब्दाच्या शेवटचा 'अ' लिहिला जातो पण उच्चारला जात नाही. 'बूट' मधील 'ट' पाटीवर पूर्ण असतो, जिभेवर अर्धा. अक्षरे सुटी गिरवणाऱ्या मुलाला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. यमक तो ऐकवते. वाचन शिकवण्याची म्हणून जी पद्ये लिहिली जातात त्यांच्यापेक्षा एखादे निरर्थक यमकपद्य या बाबतीत अधिक उपकारक ठरते, ते यामुळे.

आता परंपरेकडे. मराठी पद्यात पुस्तक या वस्तूविषयीचा इंद्रियगोचर आनंद शोधू गेलो तर तो पहिल्यांदा ठळकपणे भेटतो तो अनपेक्षित ठिकाणी, 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात. 'लेखनक्रियानिरूपण' नावाच्या या समासात रामदास अक्षराचे वळण, ओळींचा सरळपणा, बोरू, शाई, कागद यांविषयी ओवीत बोलतात. उपदेशाचा सूर कायम आहे, पण पानाकडे पाहणारा डोळा कारागिराचा आहे. पुढच्या काळातील बालकवितेत हा डोळा जवळजवळ नाहीसा झाला. चंद्र, पाऊस, मांजर, आगगाडी, आजोळ या सर्वांना तिने उदार हाताने जागा दिली. पुस्तक मात्र आले ते बहुधा दप्तरात कोंबलेले, अभ्यासाचे ओझे म्हणून. पाडगांवकरांचा भोलानाथ अत्यंत लोकप्रिय झाला, कारण त्याला विचारलेला प्रश्न पावसामुळे शाळेला सुटी मिळण्याविषयीचा आहे. त्या कवितेला मी नावे ठेवत नाही, मुलाच्या बाजूने ती प्रामाणिक आहे. पण 'वाचन' आणि 'शाळा' हे शब्द आपल्या भाषेत एकमेकांना किती घट्ट शिवलेले आहेत, हे तिच्यावरून कळते.

याला मौखिकतेचाही हातभार आहे. बडबडगीत, भोंडल्याचे गाणे, जात्यावरची ओवी यांना पान लागत नाही. बालकविता छापली गेली तेव्हाही ती या परंपरेचा छापील संग्रह म्हणूनच छापली गेली : एक पान, एक कविता, कोपऱ्यात एक चित्र. एकच कविता बारा-सोळा पानांवर पसरून प्रत्येक उलटण्याला एक घटना मानायची, ही कल्पना वेगळी आहे. ती रुजायला रंगीत छपाईचा खर्च आड आला हे खरे, पण केवळ खर्च आड आला असे म्हणता येणार नाही. चित्रकाराला सहलेखक मानण्याची तयारी नव्हती. बंगालीत सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' (१९२३) मध्ये कवी आणि चित्रकार एकच होते. रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' (१९३०) या अक्षरओळखीच्या पुस्तकात नंदलाल बोस यांची चित्रे पद्याच्या बरोबरीने उभी आहेत. प्राथमिक वाचनपाठ हीच कलाकृती होऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले. आपल्याकडे अंकलिपीने 'क कमळाचा' हे समीकरण दिले. चित्र म्हणजे अक्षराचा पुरावा, हीच त्या समीकरणाची सौंदर्यदृष्टी.

अमेरिकेत डॉ. स्यूस यांचे 'द कॅट इन द हॅट' (१९५७) केवळ २३६ भिन्न शब्दांत रचले गेले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. शाळेतील निर्जीव वाचनपाठांविरुद्ध जॉन हर्सी यांनी १९५४ मध्ये केलेल्या तक्रारीची पार्श्वभूमी त्यामागे होती. त्याच मांजराला शिक्षक बनवून स्यूस यांनी १९७८ मध्ये 'आय कॅन रीड विथ माय आइज शट' लिहिले. वाचनाचे थेट गुणगान करणाऱ्या यमकबद्ध चित्रपुस्तकाचा तो नमुनाच होय. माझ्या मते ते त्यांच्या उत्तम पुस्तकांपैकी नव्हे. पहिल्या पुस्तकात वाचनाविषयी अक्षरही नाही आणि मूल त्यासाठी वाचायला शिकते. दुसऱ्यात वाचनाचे फायदे सांगितले जातात आणि मांजर थोडे शिष्ट होते. मराठीत शब्दसंख्येऐवजी दुसरे बंधन आहे, ते काना-मात्रा-जोडाक्षरांचे. 'घर', 'बदक', 'कमळ' असे बिनकान्यामात्रेचे शब्द आधी, मग उरलेली बाराखडी. या बंधनाला शिस्त म्हणून सर्वांनी पाळले. खेळ म्हणून स्वीकारणारा स्यूस मात्र मराठीला अद्याप लाभायचा आहे.

आनंदाच्या दिशेने झालेला गंभीर प्रयत्न म्हणून माधुरी पुरंदरे यांच्या 'वाचू आनंदे' या संकलनाचा उल्लेख करणे भाग आहे. बाल आणि कुमार अशा गटांसाठीचे हे भाग पद्य-चित्रपुस्तके नव्हेत. मराठी साहित्यातील वेचे आणि चित्रकलेचे नमुने त्यांत शेजारी ठेवले आहेत. महत्त्वाचे आहे ते शीर्षकाचे क्रियापद. 'वाचा' असे ते म्हणत नाही. प्रथमपुरुषी अनेकवचनात, संतरचनेच्या वळणाने, ते संकलक आणि मूल यांना एका रांगेत बसवते. हिंदीत सफदर हाश्मी (१९५४-१९८९) यांच्या 'किताबें' या कवितेने निराळी वाट काढली. तेथे बोलतात ती पुस्तके, आणि मुलाच्या सहवासाची ओढ पुस्तकांना आहे. मुलाकडून काही मागण्याऐवजी त्याला हवेहवेसे बनवणारी ही उलटापालट साधी असली तरी तिने उपदेशाचा प्रश्न बाजूला सारला.

आज्ञार्थ हा या प्रकारातील खरा वादविषय आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो, आणि अशा निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या पद्यांचे मुख्य क्रियापद आज्ञार्थी असते. ही पद्ये नीरस असतात असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सावित्रीबाई फुले यांच्या 'काव्यफुले' (१८५४) मध्येही विद्या घेण्याचा आदेश आहे, आणि तो नीरस नाही. का? कारण तेथील श्रोता असा आहे की ज्याला शतकानुशतके नेमकी उलट आज्ञा मिळत आली होती. 'वाचा' हा शब्द मनाई मोडणारा असतो तेव्हा त्यात आनंदाची वेगळी सोय करावी लागत नाही. यावरून बालपुस्तकांच्या समीक्षेला एक निकष मिळतो. वाचनाचे गुणगान कोणाला उद्देशून आहे आणि त्याच्या वाट्याला आजवर काय आले आहे, हे पाहिल्याखेरीज आज्ञार्थाविषयी निर्णय देता येत नाही. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याला 'वाच' म्हणणे हा आग्रह आहे. ज्याच्या घरी पहिले पुस्तक आत्ताच आले आहे त्याला तोच शब्द निमंत्रणासारखा ऐकू येऊ शकतो.

म्हणून चित्रांकडे पुन्हा पाहावे लागते. वाचनानंदाच्या चित्रांचा एक ठरीव संच असतो : आरामखुर्ची, चष्मा लावलेले आजोबा, खिडकीतला उजेड, मागे भिंतभर ग्रंथ. पुस्तकातून उडणारी फुलपाखरे बहुधा असतातच. या संचात वाचन ही घरातली, वारशाने आलेली गोष्ट आहे. आता हे पुस्तक नाशिकमध्ये ठेवून पाहू. या शहरात १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत नेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलनही येथेच भरले. वाचनाचा गौरव करणाऱ्या पुस्तकाला याहून अनुकूल गाव कोणते? (एक व्यावहारिक गोष्ट : पिनांनी शिवलेल्या पातळ चित्रपुस्तकाच्या कण्यावर नाव मावत नाही, त्यामुळे ते फळीवर लावताच अदृश्य होते. पेटीत ते तोंड वर करून राहू शकते. साहित्यप्रकाराचे नशीब कधी कधी असल्या गोष्टींवर ठरते.)

पण त्याच जिल्ह्यात सुरगाणा आहे, पेठ आहे. तेथील अनेक मुलांच्या घरची बोली कोकणा आहे आणि अनेक घरांत ते मूलच पहिले वाचक आहे. आरामखुर्चीचे चित्र त्याला दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखे वाटेल. यमकाचाही प्रश्न येतो. प्रमाण मराठीच्या क्रियापदांचे प्रत्यय बोलीत बदलतात, तेव्हा क्रियापदांवर उभे केलेले यमक त्या मुलाच्या तोंडी आपोआप येत नाही; ओळीचा शेवट ओळखण्याचा जो आनंद आपण वर पाहिला तोच हिरावला जातो. नामांचे यमक त्या मानाने अधिक सहज प्रवास करते. मघाशी जो शैलीचा दोष म्हणून नोंदवला तो येथे प्रवेशाचा अडथळा ठरतो.

आणि अभिप्रेत वाचकांची जोडीही येथे उलटते. अक्षरांवर डोळे आहेत ते मुलाचे. चित्र पाहणारी, ऐकणारी, शेवटचा शब्द आधीच ओळखणारी आहे ती त्याची आई किंवा आजी, जिच्याजवळ गाण्यांचा साठा मुलाच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी मोठा आहे. या जोडीसाठी चित्रपुस्तक लिहायचे तर पान उलटण्याचे काम मुलाच्या हाती ठेवावे लागेल, आणि यमक असे निवडावे लागेल की ते आजीला आधी सुचेल.